जायलो

मोटार रिवायंडिंगच्या दुकानावर
लोखंडी जिन्याच्या अकरा पायऱ्या चढून
संध्याकाळी सात ते साडेआठ मी इंग्रजी विकतो.
परभणीत याहून स्वस्त मिळत नाही.
खाली तांब्याची तार गुंडाळत बसलेला वाजेद ओरडतो,
"सर, लाईट जाणारय, आटपा,"
आणि मी फळ्यावर लिहितो: बॉरो. लेंड.

मुंजाजी बियाण्यांच्या गोदामात हमालांची हजेरी लिहितो.
वही मिटून म्हणतो,
"दोन कशाला? उसनं ते उसनंच की.
घेतलं काय न् दिलं काय, आमच्या गल्लीत एकच पुरतो."
मी म्हणतो, इंग्रजीत हात कुणाचा पुढं आला
ते सांगावं लागतं.
तो बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडं बघत बसतो.

तस्लीमला परवा पाहिजे.
सरकारी दवाखान्यात नर्स, मस्कतचा फॉर्म भरलाय तिनं.
"पेशंट परवा आला, सर, कसं लिहायचं?"
गेलेला परवा, की येणारा?
"आला म्हणलं ना मी."
खरंय.
तरी लिहून देतो: द डे बिफोर यस्टर्डे.
"एवढं लिहिस्तोवर पेशंट मरायचा," ती म्हणते,
मागचा बाक हसतो.

नियम आहेत, ते मी सांगतो.
सिन्स कुठं, फॉर कुठं.
ओपन द लाईट म्हणू नका, लाईट काही पेटी नाही.
कझिन ब्रदर नाही, नुसतं कझिन.
पण मामेभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ
एकाच पोत्यात कोंबताना मलाच चोरट्यासारखं होतं.
लग्नात आहेर कुणी करायचा
ते त्यावरच ठरतं की.

आणि आयएनजी.
पुण्यात बी.एड.ला असताना मी एकदा म्हणालो,
"मी जेवायला जायलो."
सगळी मेस ताटं वाजवून हसली.
पुढं तीन महिने प्रत्येक वाक्य मी आधी तोंडात धुवायचो,
जातोय, जातो आहे,
मग बाहेर वाळत घालायचो.
इथं फळ्यावर आय ॲम गोइंग लिहिलं
तर मुंजाजी पटकन म्हणाला, "म्हणजे जायलो."
मी खडू खाली ठेवला.
पाणी प्यायलो, तहान नव्हती तरी.

गंगासागरबाई कधी काही विचारत नाहीत.
एस्टीच्या कार्यशाळेत लागल्यात, नवऱ्याच्या जागी.
काल त्यांनी पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला,
एका शब्दावर बोट ठेवलं.
"लेट म्हणजे उशिरा ना, सर?
तुम्हीच शिकवलं, आय ॲम लेट.
मग ह्यांच्या नावापुढं का लावलंय?
ड्रायव्हर होते. सव्वीस वर्षांत एक गाडी लेट नाही.
आणि हे बी,
हे बी लवकरच झालं की."

पंखा तेवढा फिरत होता.
मी म्हणालो, बाई, शब्द एक, अर्थ दोन.
आपल्या परवासारखं.
म्हणता म्हणताच कळलं,
परवासारखं नाही.
परवा निदान पुढूनही येतो.
त्यांनी वहीत लेट लिहिलं, पुढं बरोबरचं चिन्ह केलं,
चिन्हापुढची जागा तशीच सोडली.

तेवढ्यात लाईट गेली.
मोबाईलच्या उजेडात एकेक जण खाली उतरला,
जिना वाजला, थांबला, पुन्हा वाजला.
सगळ्यांत शेवटी गंगासागरबाई.
दारात वळून म्हणाल्या, "येते, सर."
जाताना.
ह्याचं इंग्रजी कुणी विचारलं नाही, बरं झालं.

मी चाचपडत फळा पुसला.
खालून वाजेदचा आवाज आला, "सुटलं का, सर?"
म्हणलं, "सुटायलंय."